आयल्ट्सचा फॉर्म भरायला येण्याआधी

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पासपोर्ट, पॅन, लाइट बिल, कॉलेजचे प्रवेश, आणि गेली बरीच वर्षं परदेशी जाणाऱ्यांचे आयल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षांचे फॉर्म. मी एजंट नाही, क्लासही चालवत नाही. फॉर्म भरण्याचे पैसे घेतो, सल्ला फुकट देतो. फुकट म्हणूनच असेल, तो कुणी फारसा घेत नाही.

परवा दांडिया बाजारातल्या एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. मुलगा युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून मेकॅनिकल झालेला. पासपोर्ट काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "भाऊ, याची आयल्ट्स भरून द्या."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? आयल्ट्स."

"देश कुठला?"

"कॅनडा. नाहीतर ऑस्ट्रेलिया. जर्मनीचं पण बघतोय."

"शिकायला की राहायला?"

आई म्हणाली शिकायला, मुलगा म्हणाला पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना. दोघं एकाच दमात. मी पासपोर्ट परत दिला आणि म्हटलं, आज नको. पंधरा-वीस हजारांच्या घरातली फी आहे, ती भरण्याआधी एवढं ठरवा की निकालाचा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आहे. विद्यापीठाच्या, व्हिसा खात्याच्या, की नर्स-डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या? तिघांच्या मागण्या वेगळ्या असतात, आणि एकच माणूस दोन वर्षांत या तिन्ही टेबलांवर जाऊ शकतो.

आपल्याकडे उलटं चालतं. फतेगंज-अलकापुरीकडे फिरलात तर दर दुसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी दिसते. मुलगा आधी क्लास लावतो, क्लासमध्ये जी परीक्षा शिकवतात ती देतो, आणि बॅन्ड (आयल्ट्सच्या गुणांना बॅन्ड म्हणतात) हातात आल्यावर विचारतो की हा कुठे चालतो. माझा भाचा असाच फसला. त्याला कॅनडाची पीआर हवी होती. एका एजंटने (नाव घेत नाही, दुकान कधीच उठलं) त्याला आयल्ट्स अकॅडेमिक द्यायला लावली. चांगले सात-साडेसात बॅन्ड आले, घरात पेढे वाटले. मग प्रोफाइल करायला बसलो तेव्हा कळलं की पीआरसाठी जनरल ट्रेनिंग लागते, अकॅडेमिक धरतच नाहीत. फी परत भरली, तयारी परत केली. आता तर पेढ्यांचं नाव काढलं तरी तो चिडतो.

तेव्हा आधी हा फरक. आयल्ट्सच्या दोन जाती आहेत. अकॅडेमिक शिकायला जाणाऱ्यांची, जनरल बहुतेक करून स्थलांतराची. ऐकणं आणि बोलणं दोन्हीत सारखंच. वाचन आणि लेखन वेगळं. लेखनात अकॅडेमिकवाल्याला आलेख किंवा तक्ता समजावून सांगायचा असतो, जनरलवाल्याला पत्र लिहायचं असतं. दुसरा निबंध दोघांनाही, किमान अडीचशे शब्दांचा.

पत्राचं नाव काढलं म्हणून सांगतो. मी स्वतः एकेचाळिसाव्या वर्षी जनरल दिली होती. बायकोचा भाऊ तिकडे, तिला वाटलं आपणही जावं. पत्र आलं मित्राला: त्याच्या घरी राहून आलात, तिथे एक वस्तू विसरलात, ती पाठवायला सांगा. मी आयुष्यभर कलेक्टर कचेरीचे अर्ज टाइप केलेला माणूस. मित्राला 'सादर विनंती की' थाटाचं इंग्रजी लिहिलं आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक' ठोकून दिलं. लेखनात सहा आले. परीक्षकाने सहा दिले हाच त्याचा मोठेपणा. तिथे मित्राशी मित्रासारखं आणि मॅनेजरशी मॅनेजरसारखं लिहिता येतं का, हेच तर तपासतात.

कॅनडाचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथलाच माझ्या काउंटरवर येतो. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे तिथल्या पीआरच्या अर्जाच्या पद्धतीत, इंग्रजीसाठी तीन परीक्षा चालतात: आयल्ट्स जनरल, सेलपिप जनरल आणि पीटीई कोअर. पीटीईतही दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियाला जी चालते ती पीटीई अकॅडेमिक. कॅनडाच्या पीआरला ती नाही, कोअर लागते, आणि कोअर 2024च्या सुरुवातीपासून धरायला लागले. सेलपिप ही कॅनडाचीच परीक्षा, पूर्ण कॉम्प्युटरवर, बोलायचं तेही माइकमध्ये.

कॅनडावाले एकूण बॅन्डकडे बघत नाहीत. चारही कौशल्यं सुटी सुटी त्यांच्या सीएलबी नावाच्या मापात बसवतात. फेडरल स्किल्ड या पीआरच्या प्रकाराला किमान सीएलबी 7 लागतं, म्हणजे आयल्ट्समध्ये प्रत्येकात 6. पण खरी मारामारी सीएलबी 9साठी असते. त्याला ऐकण्यात 8 आणि वाचन, लेखन, बोलणं तिन्हीत 7 हवेत. समजा तुमचे ऐकण्यात 8, वाचनात 7.5, बोलण्यात 7 आणि लेखनात 6.5 आले. तुम्ही विचाराल, "एकूण साडेसात होईल का हो काका?" हिशोब करा: बेरीज 29, भागिले चार, सव्वासात, सव्वाचा वर ढकलतात, म्हणजे साडेसात. झकास. पण लेखनाच्या त्या अर्ध्या बॅन्डने तुम्ही सीएलबी 8वर अडकता, आणि पदवी व अनुभवाला इंग्रजीची जोड म्हणून जे जादा गुण मिळतात ते जवळजवळ निम्मे होतात. म्हणून कॅनडाच्या पीआरवाल्याने 'एकूण किती येतील' हा विचार सोडावा आणि आपलं सगळ्यात कच्चं अंग कुठल्या परीक्षेत कमी उघडं पडतं तेवढं बघावं.

कॅनडात शिकायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी बदलल्यात, आणि काही लोक अजून जुनंच सांगतात. एसडीएस नावाची झटपट व्हिसाची खिडकी 8 नोव्हेंबर 2024ला बंद झाली. तिच्या नावाने कुणी काही विकत असेल तर उठून या. दुसरं, शिक्षणानंतरच्या वर्क परमिटलाही 1 नोव्हेंबर 2024पासून इंग्रजीचा पुरावा लागतो: पदवी, मास्टर्सवाल्यांना सीएलबी 7, कॉलेजच्या डिप्लोमावाल्यांना सीएलबी 5. आता गंमत बघा. प्रवेशासाठी तुम्ही दिलेली असते अकॅडेमिक, परमिटला चालते जनरल, कोअर किंवा सेलपिप. शिवाय निकाल दोन वर्षांनी शिळा होतो. म्हणजे तिकडे गेल्यावर दुसरी परीक्षा आहेच, तिचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा. ही गोष्ट इथे कुणीच सांगत नाही. परक्या गावात, हॉटेलात भांडी घासून आलेल्या पोराला ती आयत्या वेळी कळते.

ऑस्ट्रेलियाला पीटीई अकॅडेमिक लोकप्रिय आहे, निकाल साधारण दोन दिवसांत येतो म्हणून. विद्यार्थी व्हिसाला मार्च 2024पासून आयल्ट्सचे 6 किंवा त्याच्या तोडीचे गुण लागतात, पूर्वी साडेपाच चालायचे. शिक्षण संपल्यावरचा जो तात्पुरता पदवीधर व्हिसा आहे, त्याला साडेसहा, आणि निकाल एका वर्षाच्या आतला. पीआरच्या गुणांत प्रत्येक अंगात 7 असतील तर 10 गुण, 8 असतील तर 20. 'पीटीईत सरसकट 65 आणा, 10 गुण पक्के' हे पालुपद मात्र आता विसरा. 7 ऑगस्ट 2025नंतर दिलेल्या परीक्षांना प्रत्येक अंगाचा आकडा वेगळा आहे. बोलणं आणि लेखन यांचा वर गेलाय, ऐकणं-वाचन यांचा खाली आलाय. बोलण्यावर भरवसा असलेल्याला अजूनही हरकत नाही. घोकून बोलणाऱ्याला जड जाईल.

इंग्लंडमध्ये अडकवणारा शब्द आहे यूकेव्हीआय, म्हणजे तिथलं व्हिसा खातं. साधी आयल्ट्स आणि 'आयल्ट्स फॉर यूकेव्हीआय' यांचा पेपर तोच, पण दुसरी सरकारमान्य केंद्रावर, जादा बंदोबस्तात होते. पदवीसाठी जात असाल तर विद्यापीठ आपल्या जबाबदारीवर साधीही घेऊ शकतं, काही विद्यापीठं तर 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' एवढ्या पत्रावर भागवतात. ते आपल्या युनिव्हर्सिटीतून काढून ठेवा, स्वस्तातलं काम आहे. नोकरीच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला मात्र मान्यताप्राप्त परीक्षाच, आणि 8 जानेवारी 2026पासून तिची पातळी बी1वरून बी2, म्हणजे एक पायरी वर, झाली. नवऱ्याकडे जाणाऱ्या मुलींना यातलं काही लागत नाही. त्यांना आयल्ट्सचीच लाइफ स्किल्स ए1 ही सगळ्यात खालच्या पायरीची परीक्षा पुरते, त्यात फक्त ऐकायचं आणि बोलायचं. आमच्या गल्लीतल्या एका नवरीला क्लासवाल्याने चार महिने निबंध लिहायला लावले होते. तिने नंतर नवऱ्याला निबंधातच पत्र लिहावं बहुतेक.

अमेरिकेच्या व्हिसाला परीक्षेची अट नाही. विद्यापीठ मागेल ते द्या. टोफेल, आयल्ट्स, आणि बऱ्याच ठिकाणी ड्युओलिंगोही चालते, जिची फी इतरांच्या निम्म्याहून कमी. टोफेलचा आकडा वाचताना सावध राहा. 21 जानेवारी 2026पासून ती नव्या स्वरूपात आली आणि 120ऐवजी 1 ते 6च्या मापात गुण देते, तेव्हा दादाने तीन वर्षांपूर्वी वापरलेली पुस्तकं रद्दीत घाला. जर्मनीला विद्यापीठाच्या अटीपुरती आयल्ट्स किंवा टोफेल, वर एपीएसचा, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा, दाखला. आणि खरं सांगायचं तर तिकडे जाणाऱ्याने इंग्रजीचा अर्धा बॅन्ड वाढवण्यापेक्षा जर्मन शिकायला बसावं.

(आपल्या गावाला परदेशी शिकायला पाठवायची सवय जुनी आहे. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. टोफेल यायला तेव्हा एक्कावन्न वर्षं होती, आयल्ट्सला शहात्तर.)

नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, फार्मसिस्ट मंडळींनी मात्र वरचं सगळं वाचून झाल्यावर एका वेगळ्या परीक्षेकडे बघावं: ओईटी. बारा आरोग्य व्यवसायांसाठी आहे. कारेलीबागेतल्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या सिस्टर माझ्याकडे तीनदा आयल्ट्स भरायला आल्या. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचन, बोलणं तिन्हीत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. बाईंचं बाकी सगळं जमायचं, लेखन दरवेळी सहावर बसायचं. एकदा त्यांनी मला निबंधाचा विषय सांगितला: शहरात मोटारींवर बंदी घालावी का. म्हणाल्या, "काका, माझं यावर काही मतच नाही हो." आणि त्याच बाई माझ्याकडे पेशंटच्या डिस्चार्जचे कागद झेरॉक्सला आणायच्या, तेव्हा त्यावर त्यांच्या हातची टिपणं इतकी नेटकी असायची की मलाही कळावं कुठलं औषध कधी बंद केलं.

ओईटीच्या लेखनात हेच असतं. पेशंटची केस नोट्स देतात, पाच मिनिटं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला. त्यातून दुसऱ्या डॉक्टरला किंवा घरी येणाऱ्या नर्सला पत्र लिहायचं, दोनशे शब्दांच्या आसपास. अवघडपणा इंग्रजीचा नसतो, काय गाळायचं त्याचा असतो: दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स लिहायचं नाही, परवा सुरू केलेलं रक्त पातळ करायचं औषध लिहायचंच. बोलण्यात समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो, आणि तुम्ही त्याची समजूत काढायची. सिस्टरना म्हटलं, हे तर तुम्ही रोज रात्रपाळीत करता. फी बरीच जास्त आहे म्हणून त्या कचरत होत्या. मी कागदावर तीन आयल्ट्सची बेरीज मांडून दाखवली. त्याच कौन्सिलला ओईटीत बी श्रेणी लागते, लेखनात सी प्लसही चालतं. त्यांचं झालं. त्या आता तिकडेच आहेत. दिवाळीला फोन करतात, आणि अजून काकाच म्हणतात.

एका टेबलावर दोन-तीन परीक्षा चालत असतील, तेव्हाच 'मला कुठली सोपी' हा प्रश्न येतो. त्याआधी नाही.

त्याचं माझं गणित सरळ आहे: तुम्ही माणसासमोर खुलता की यंत्रासमोर? आयल्ट्समध्ये समोर परीक्षक असतो, अकरा ते चौदा मिनिटं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो, हसता येतं. पीटीईत हेडफोन, माइक आणि पडद्यावर सरकणारी पट्टी. दुकानाच्या पोटमाळ्यावर माझा धाकटा त्याचा सराव करायचा. हुशार आहे, पण विचार करून बोलायची सवय. वाक्याच्या मध्ये थांबला, छताकडे बघितलं, पुन्हा तोंड उघडलं तर पट्टीवर 'पूर्ण' लिहून आलेलं. तीन सेकंद शांतता झाली की माइक बंद होतो. छताकडे बघायची सवय मोडायला त्याला तीन आठवडे लागले. मोडली. शिवाय परीक्षेच्या खोलीत शेजारीपाजारी सगळे एकदम बोलत असतात. ज्याचा अभ्यास नवरात्रात गरब्याच्या आवाजात झालाय त्याला काही वाटत नाही, पण शांत घरातल्या मुलांची तंद्री मोडते. आणि क्लासमधल्या तयार साच्यांवर विसंबू नका: ऑगस्ट 2025पासून पीटीईत बोलण्याचे दोन नवे प्रश्नप्रकार आलेत, आणि घोकलेली उत्तरं पकडायला आता माणसंही तपासतात.

आपल्या बडोद्याच्या मराठी पोरांचं एक बघितलंय. घरात मराठी, गल्लीत गुजराती, कॉलेजात हिंदी, आणि इंग्रजी फक्त पेपरात. वाचन चांगलं असतं, बोलताना घसा बसतो. अशांना मी आयल्ट्स सुचवतो, कारण समोरचा माणूस मान डोलावतो तेव्हा धीर येतो. टायपिंग हळू असेल तर मात्र कुठल्याच कॉम्प्युटरच्या परीक्षेत धीर कामाला येत नाही. आधी महिनाभर टायपिंग करा. आणि नुसतं ऐकून ठरवू नका. एका रविवारी सकाळी एकाची, संध्याकाळी दुसरीची फुकट सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून द्या. मध्ये सेव उसळ खा. रात्री तुमचं तुम्हालाच कळेल.

घरून द्यायच्या परीक्षेची हौस असेल तर आधी घरच्यांना दम द्या. आमच्या वाड्यातला एक मुलगा कॅमेऱ्यासमोर बसलेला, वीस मिनिटं झालेली, आणि आई मागून चहा घेऊन आली. वर 'दमला असशील रे' म्हणाली. निकाल रद्द. चूक आईची की खोलीच्या दाराची यावर त्या घरात अजून चर्चा चालते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला घरून दिलेली परीक्षा चालतच नाही.

आता माझ्या धंद्यातलं: नाव. ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट, आणि फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टला वेगळ्या रकान्यात. मुलं सवयीने मार्कशीटसारखं टाकतात. वडिलांच्या नावाला कुणीतरी कधीतरी 'भाई' चिकटवलेलं असतं, एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. हे आधी सोडवा, मग तारीख घ्या. पासपोर्ट संपत आला असेल तर नवा काढून मगच बुकिंग करा. नंबर बदलला की केंद्रावर दारातच वाद.

तारीख घेताना प्रवेशाच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजा, आणि एक परीक्षा पडेल असं धरून दुसरीपुरती जागा ठेवा. कॉम्प्युटरवरच्या आयल्ट्सला एकच अंग पुन्हा द्यायची सोय आहे, वन स्किल रीटेक म्हणतात, पहिल्या परीक्षेपासून साठ दिवसांत. पण प्रत्येक टेबलावर तो कागद चालत नाही. आधी मेल करून विचारा, उत्तर छापून ठेवा.

त्या वहिनींचा मुलगा तिसऱ्या दिवशी एकटाच आला. दोन जर्मन विद्यापीठांची उत्तरं मोबाइलवर होती, दोघांनाही आयल्ट्स अकॅडेमिक चालत होती. कॅनडाचं काय, विचारलं, तर म्हणाला, "आईला अजून सांगितलं नाही." सराव परीक्षा दोन्ही देऊन आला होता, आणि माणूसच बरा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, फॉर्म तूच भर, मी बघतो. टकाटका टाइप केलं पोराने. नावाच्या रकान्यात आडनाव पुढे, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी 'भाई'. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, पासपोर्ट काढ.